कळलावीचा कंद

जनूने कळलावीचा कंद आईच्या, तुळशीच्या पुढ्यात टाकला. कुंपणावरची अख्खी वेल त्याने उपटून आणली होती. लालपिवळी फुलं अजून ताठ होती.

"वाट नि वेणूला पाज."

तुळशीने कंद उचलला. नांगरासारखा वाकडा. वरची वेल दिवाळीनंतर वाळून जायची, पण हा मातीखाली जिवंत राहायचा आणि पावसाळ्यात पुन्हा फुटायचा. सुईण म्हणून मांजर्लीतल्या किती अडलेल्या बायकांच्या तळपायांना तिने याचा लेप लावला होता. मूल बाहेर आलं की तो लगेच धुऊन टाकायचा. पोटात तिने कधी कुणाला दिला नव्हता.

"चौथा म्हयना हाय तिला. पोर जाईल, तीपण जाईल."

"जाऊ दे. जयदेवदादा पुरात गेला. आता त्याच्या हिश्शाला वारीस नको. बिल्डर सह्यांसाठी थांबलाय."

आत वेणूने ते ऐकलं. धाकट्या दिराचे शब्द कानावर पडताच ती मागच्या दाराकडे धावली. जनूने तिला वेणीला धरून फरफटत पाट्यापाशी आणलं. ती त्याच्या हाताला कडकडून चावली. त्याने तिचं डोकं खांबावर आपटलं, छातीवर गुडघा रोवला आणि जबडा दाबून धरला. तिच्या ओठातून रक्त आलं.

"आये, आटप!"

तुळशीने दोन्ही हातांनी वरवंटा उचलला आणि त्याच्या मनगटावर घातला. हाड कडाडलं.

जनू किंचाळत बाजूला कोसळला. "आये! मी तुजा पोरगा ना?"

"जयदेवपण माजाच होता," असं म्हणून तिने दुसरा घाव खांद्यावर घातला.

तो सरपटत अंगणात गेला. शिव्या देत राहिला, मग शिव्या थांबल्या. मोडका हात पोटाशी धरून तो लहानपणी रडायचा तसा रडू लागला. "आये... आये गं..."

तुळशीची पावलं आपसूक त्याच्याकडे वळली. उंबरठा ओलांडून ती थबकली. मागे वेणू भिंतीला टेकून, पोटावर दोन्ही हात ठेवून बसली होती.

"वेणू," तुळशी वळून न बघता म्हणाली, "आतून कडी लाव. मी सांगितलं तरी काढू नको."