एस-व्ही

ग्रेप. संगणकात मजकूर शोधायचा एक लांब हुकूम होता, त्याची अक्षरं आखडून केलेलं नाव.

कॅट. मांजर नव्हे. ‘जोडणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा तुकडा.

कृतिका लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर बोट ठेवून आईला सांगत होती. भवानीबाई समोर बसून ताटातले तांदूळ निवडत होत्या.

“आणि हे ऑक. तिघांनी मिळून केलं, म्हणून तिघांच्या आडनावांची पहिली अक्षरं.”

भवानीबाईंचा हात थांबला. “करणारे आपली नावं घालतात होय?”

“कधी कधी. मस्त आहे ना?”

“मग हे तुझ्या बाबांचं?”

सोयाबीनच्या प्लांटमधल्या वजनकाट्यासाठी विक्रमसिंहांनी चौऱ्याण्णव साली एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. प्लांटनं तो आजवर चालवला. आता तिथे नवी यंत्रं आली होती, आणि कृतिका तो जुना प्रोग्राम त्यांच्यावर न्यायच्या खटपटीत होती. त्याचं नाव दोन अक्षरांचं. एस, व्ही.

व्ही कळला.

सरोज. प्लांटच्या लॅबमध्ये सोयाबीनची ओल तपासायची. दर संक्रांतीला अजून तिच्याकडून तिळगुळाचा डबा येतो. डबा परत द्यायला विक्रमसिंह स्वतः जातात. समोरचा पाण्याचा ग्लास न दिसणाऱ्या माणसाला डबा बरा आठवतो.

सुमती. धारच्या शाळेच्या हजेरीत होती, लग्नपत्रिकेच्या एका ओळीत होती. माहेरी तिला सगळे ताईच म्हणत. ब्याण्णव साली देवासला, याच घरात, लक्ष्मीपूजनाच्या वेळी संपली.

भवानी. त्याच वेळी, तांदळाच्या ताटात, नवऱ्यानं अंगठीनं लिहिलेली. पेढे वाटले.

सरोज, की सुमती? पत्रिका तर वाचली असेलच की यांनी. भवानीबाई तोच तो तांदूळ पुन्हा निवडू लागल्या.

विक्रमसिंह टेकडीवरून देवीचं दर्शन घेऊन आले. कपाळावर कुंकू, हातात प्रसाद. लेकीला भावासारखी हाक मारत म्हणाले, “काय भिया, झालं का? प्लांटवाले फोन पे फोन करताहेत.”

“एस कोण हो?” भवानीबाईंनी मान वर न करता विचारलं.

“कोण एस?”

“व्ही तुम्ही. एस कोण?”

विक्रमसिंह आधी गोंधळले, मग खो खो हसले. “अगं, सोया! सोया आणि वजन. माणसं कुठून आली त्यात?”

कृतिकाही हसली. “आई, तू पण ना! शक करतेस?”

सरोज सुटली. पण संशय उठून गेला नाही, नुसता सरकून बसला.

भवानीबाईंनी ताट हलवून तांदूळ सपाट केले आणि नवऱ्यापुढे सरकवलं.

“नाव लिहा माझं.”

“आता? कशाला?”

“लिहा तर.”

त्यांनी बोटानं लिहिलं. भवानी. तेव्हासारखंच, वळणदार. लिहून झाल्यावर शाबासकीची वाट पाहावी तसे बघत राहिले.

भवानीबाईंनी तळहातानं नाव पुसलं. तांदूळ पुन्हा सपाट केले.

“याच्या आधीचं.”

कृतिकानं लॅपटॉपमधून डोकं वर काढलं. “तुझं आधी दुसरं नाव होतं? मतलब, खरंच?”

विक्रमसिंहांचं बोट ताटावर आलं. टेकलं नाही. प्लांटचा फोन वाजला, वाजून वाजून थांबला.

ताटात एक खडा राहून गेला होता. भवानीबाईंनी तो नवऱ्याच्या बोटाखालून अलगद उचलला आणि बाजूला ठेवला.