उलटा पुरलेला जोसेफ

दारावर पाटी होती: 'घर विकणे आहे. दलालांनी बेल वाजवू नये.' अशीच घरं गाठून पोट भरणाऱ्या मार्लीनने ती वाजवली. आजचं सातवं दार, पायांचे तुकडे पडलेले. "दलाल ना? बसा, मीही दमलोय," म्हातारा वॉल्टर गुडघा चोळत म्हणाला. सिंकपाशी नुकतीच धुतलेली संत जोसेफची मूर्ती निथळत होती. घर लवकर विकलं जावं म्हणून इथे टोलेडो शहरात ती अंगणात उलटी पुरतात. "लेक दर रविवारी चर्चला जाताना पुरते. तिची गाडी वळली की मी उकरून काढतो. जोसेफही माझ्यासारखाच सुतार. मी बांधलेलं घर त्याला विकायला लावू?" मार्लीनने करारनामा पिशवीतून काढलाच नाही. ती बाहेर पडली तेव्हा लेक गाडीतून उतरत होती. "घर विकायचं बाबांना पटलं का हो? मूर्ती परत परत पुरूनही गिऱ्हाईक येत नाही." "यापुढे वरवरच पुरत जा," मार्लीन म्हणाली. "त्यांचे गुडघे दुखतात."