श्वेतबटूंचं प्रकरण

खगोलभौतिकीच्या तिसऱ्या वर्षात पुस्तक उघडून अभ्यास करणारी शाल्मली एकटीच उरली होती. बाकीच्यांनी प्रवेश घेतल्या घेतल्याच अख्खा अभ्यासक्रम मेंदूत भरून घेतला होता. शाल्मलीला लहानपणी फिट्स यायच्या, म्हणून डॉक्टर परवानगी देत नव्हते. ती परवा मिळाली आणि आज शाल्मली मेंदूत अभ्यास भरून देणाऱ्या केंद्रात येऊन बसली. वाचून वाचून ती पार थकली होती.

सोबत वर्गातला निनाद आला होता.

"विझलेला तारा स्वतःच्याच वजनाखाली चिरडून का जात नाही, हे तुला कधी समजलं रे?" तिने विचारलं.

"मला ते येतं," निनाद म्हणाला. "पण समजलं कधी, ते आठवत नाही. समजण्याची वेळच आली नाही ना माझ्यावर."

कित्येक दिवस शाल्मली श्वेतबटूंच्या, म्हणजे अशाच विझलेल्या ताऱ्यांच्या, प्रकरणात अडकली होती आणि आज सकाळी कुठे थोडा उजेड पडू लागला होता.

नर्सने तिचं नाव पुकारलं.

"सिस्टर, एक प्रकरण सोडून बाकीचं भराल का?"

"तसं नाही होत गं. भरलं की सगळंच भरतं."

आतली खुर्ची मऊ दिसत होती. शाल्मलीने ती क्षणभर पाहिली, मग बॅग खांद्याला लावली.

"मी परवा येते. हे तेवढं समजू दे."

"त्यानंतर न्यूट्रॉन तारे आहेत," निनाद म्हणाला.

"मग तेरवा," शाल्मली जांभई देत म्हणाली आणि जिना उतरू लागली.