घरी केलेलं

सोलापुरातली एकही भजीची गाडी आणि एकही मिठाईचं दुकान आशिषनं सोडलं नव्हतं. त्यामुळं उर्वीला बघायला गेल्यावर समोर भजी, बासुंदी आणि शेंगापोळीची ताटली आली आणि पहिल्याच घासाला गडी खुलला. "सगळं आमच्या उर्वीनंच केलंय की!" तिची आई कौतुकानं म्हणाली. मग आशिषच्या आईलाही राहवेना. तिनं पिशवीतून डबा काढला, "हे मी घरी केलेले बेसनाचे लाडू." उर्वीनं लाडू खाल्ला आणि खाली मान घालून गालातल्या गालात हसली.

थोड्या वेळानं दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. जिना संपायच्या आतच आशिषनं विचारलं, "भजी सात रस्त्याच्या गाडीवरची ना?"

उर्वीनं जीभ चावली. "आईला सांगू नका हं."

"बासुंदी नव्या पेठेतली."

"तीही बरोबर."

"आणि शेंगापोळी टिळक चौकातली!"

"चूक!" उर्वी उसळलीच. "तिथली इतकी खुसखुशीत असते व्हय? ही बाळीवेशीतली आहे."

आशिष जागच्या जागी गार झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणीतरी तोडीस तोड भेटलं होतं. त्यानं लगेच विचारलं, "मग खाली जाऊन पसंती सांगू का?"

"सांगा की," उर्वी लाजून म्हणाली आणि हळूच पुढं बोलली,

"फक्त लग्नातले लाडू तुमच्या आईंच्या त्या हलवायाकडून नकोत. तूप फार हात राखून घालतो तो."