उजवा पाय

"गेलं! पुन्हा बंद पडलं!" सासऱ्यांनी हात झटकले. "नवी सिस्टीम म्हणे! तुझा हात लागला की मान टाकतंय."

सुनेने टेबलाखाली, त्यांच्या पायांशी ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या डब्याचं बटण दाबलं आणि गुमान वाट बघत बसली. घरच्या कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम तिनेच टाकली होती, तेव्हा सासऱ्यांना ती शिकवायचं लचांडही तिच्याच गळ्यात. आज तिचं चित्त मात्र ठिकाणावर नव्हतं. शहराबाहेरच्या शाळेने तिला नोकरी देऊ केली होती. तिकडे बस जात नव्हती आणि हिला गाडी चालवता येत नव्हती. संध्याकाळपर्यंत नकार कळवायचा होता.

गंमत बघा, सासऱ्यांचा उभा जन्म ड्रायव्हिंग शिकवण्यात गेलेला! अर्धं शहर त्यांच्या हाताखालून गेलं. लग्नानंतर त्यांनी हिलाही हौसेने शिकवायला घेतलं. शिकवणीच्या गाडीत त्यांच्याही पायाशी एक ब्रेक असे; शिकाऊ माणसाचा भरवसा काय! पण हिने क्लच सोडला रे सोडला की गाडी आचका देऊन बंद. तीही भर चौकात, मागे हॉर्नचा नुसता कल्ला. शेवटी ते म्हणाले, "जाऊ दे पोरी, सगळ्यांनाच जमतं असं नाही." ती गाडी अजून दारात उभी होती, पण तेव्हापासून तिने स्टिअरिंगचं नाव काढलं नाही.

कॉम्प्युटर सुरू झाला. सासरे माउस इंच इंच सरकवत सुखरूप फोटोंपर्यंत पोहोचले.

"बघ! माझ्याकडे कसं गुणी बाळासारखं वागतं!"

"छान. आता ही खिडकी बाजूला न्यायची, अशी." तिने माउस घेतला आणि बाण सर्रकन कोपऱ्याकडे नेला.

"अगं हळू, हळू, हळू!"

पडदा काळा.

"तुझ्या हातातच काहीतरी आहे, बाई. गाडीचंही असंच व्हायचं."

तिला रडूच यायचं बाकी होतं. तरी तिने पुन्हा बटण दाबलं. पडदा उजळला, तिने माउस धरला आणि तेवढ्यात केसांत खोचलेली पेन्सिल खाली पडली. ती उचलायला वाकली, तसा वर माउस फर्रकन ओढला गेला.

"अगं हळू!" वरून आवाज आला.

आणि खाली, तिच्या नाकासमोर, सासऱ्यांचा उजवा पाय पुढे झेपावला आणि डब्याच्या बटणावर करकचून दाबला गेला.

ती तशीच ओणवी राहिली. मग खुदकन हसली.

"बाबा," ती टेबलाखालूनच म्हणाली, "गाडीची चावी द्या. आणि आज तुम्ही मागच्या सीटवर बसा."