आजचं पान

परशरामनं पिशवी बाकड्यावर उपडी केली. टॉवेल, थर्मास, केळी, लेक माधवीच्या सोनोग्राफीचे कागद, सगळं बाहेर आलं. प्रार्थनेचं पुस्तक तेवढं आलं नाही. मग त्याला आठवलं. काल संध्याकाळी पुस्तक त्यानंच लेकीच्या उशीखाली सारलं होतं. बाळंतिणीच्या उशाला देवाचं वचन असावं, म्हणून. आणि मघाशी स्ट्रेचर उशीसकट आत गेलं होतं.

बेळगावच्या त्या दवाखान्यात नुकतं उजाडलं होतं. बाळ पोटात आडवं आहे, ऑपरेशन करावं लागेल, एवढं सांगून डॉक्टरीणबाई आत गेल्या. दार लागलं, वरचा लाल दिवा पेटला. पहिलटकरीण लेक आत, आणि इकडं रोजच्या प्रार्थनेची वेळ झालेली.

ही वेळ परशरामनं कधी चुकवली नव्हती. निपाणीच्या चर्चच्या मंडळीत त्याचं तसं नावच होतं. दैनिक मननाच्या पुस्तकात त्या तारखेचं पान काढायचं, वचन वाचायचं, खाली छापलेली प्रार्थना खणखणीत आवाजात म्हणायची, आमेन म्हणून चहाचा कप पुढं ओढायचा. देवाशी त्याचा व्यवहार असा चोख होता. आज मात्र पान दाराच्या पलीकडं होतं.

त्यानं दार वाजवलं. सिस्टरनं फटीतून डोकं बाहेर काढलं.

"सिस्टर, उशीखाली माजं पुस्तक हाय, तेवढं..."

"ओळग बरब्याड्री!" तिनं कानडीत दटावलं, आत यायचं नाही म्हणून, आणि दार लावून घेतलं.

"आत सोडत न्हाईत," परशराम परत येऊन म्हणाला.

त्याची बायको अक्काताई डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून कधीच तयार बसली होती. "पुस्तक ऱ्हाऊ द्या. तोंडानं करा."

तोंडानं म्हणजे पाठ असलेली. प्रभूची प्रार्थना परशरामनं घडाघडा म्हटली. एरवी पुरायची ती आज चुटकीसरशी संपली. "आमेन," तो म्हणाला.

अक्काताईनं डोळे उघडले नाहीत. "म्होरं?"

"म्होरं काय? झाली की."

"आन् माज्या पोरीचं नाव कुठं आलं त्यात?"

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला येळ्ळूरच्या राजाबाई बसल्या होत्या. त्यांची सून सौम्या शेजारच्या खोलीत कळा देत होती. त्यांनीही कान टवकारले.

"मी काय सांगणार त्याला?" परशराम हळूच म्हणाला.

"रातभर माजं डोकं खाल्लासा न्हवं? त्येच सांगा."

परशरामनं डोळे मिटले, घसा खाकरला. "हे परमदयाळू, सर्वसमर्थ..." इथंच गाडी अडली. "देवा, मी परशराम. निपाणीचा."

अक्काताईनं एक डोळा उघडला. "त्याला म्हाईत हाय. बोला म्होरं."

"देवा, माधवी आत हाय."

एवढं म्हटलं आणि मग तोंडाला खळ म्हणून राहिली नाही.

"लई भ्या वाटतंय, देवा. तिचं कान टोचताना मी भाईर पळालतो. आज कुठं पळू? मला त्या आत सोडंनात. तुला कोण अडवतंय? जा की आत! उभा ऱ्हा तिच्या उशाला. आप्पा भाईरच हाय म्हणून सांग. घाबरली की ती खालचा व्हट चावती, पार रगात यीस्तवर चावती. चावू दीऊ नगंस. आन् त्या बाळाला म्हणावं, आडवं काय पडलायस? समदी खोळंबल्याती तुज्यासाठी!"

असलं काही पुस्तकात कधी छापलेलं नव्हतं. परशरामचे हात वर गेले होते, आवाज चढला होता. येणारे जाणारे बघत होते, पण त्याला त्याचं भानच नव्हतं. आपलं कुणीतरी ऐकतंय, अगदी जवळ बसून ऐकतंय, याबद्दल त्याला आज तिळमात्र शंका वाटत नव्हती. भीती होतीच; पण तिच्यासोबत आनंदही उसळत होता.

"आप्पा," राजाबाईंनी मध्येच हळूच म्हटलं, "आमच्या सौम्याचंबी नाव घ्या की."

"सौम्याबी हाय, देवा. येळ्ळूरची. पलीकडच्याच खोलीत. जाता जाता बघ तिच्याकडं."

"जाता जाता नगं. नीट बघ म्हणावं."

"नीट बघ," परशरामनं लगेच दुरुस्ती केली.

तेवढ्यात दाराआड बाळाचा आवाज फुटला. आधी बारीक, मग चांगला सणसणीत. अक्काताई ताडकन उठली. राजाबाई उठल्या. दार उघडून तीच मघाची सिस्टर बाहेर आली, "माधवी कडेवरु यार्री?" म्हणत तिनं माधवीची माणसं शोधली आणि अक्काताईचा चेहरा बघून स्वतःच हसली. "इब्बरू आराम अदार्री. दोघंबी बरी हाईत. पोरगी झालीया!"

अक्काताईनं सिस्टरचे दोन्ही हात धरले, सोडले, राजाबाईंना मिठी मारली, आणि रडत हसत नवऱ्याचा खांदा गदागदा हलवला. तो अजून डोळे मिटूनच बसला होता. गालांवरून पाणी वाहत होतं.

"अवं, ऐकलासा न्हवं? आमेन म्हणा आन् उठा की लवकर! नात बघायची न्हाय व्हय?"

"थांब गं जरा," परशराम म्हणाला. "आदी त्याला सांगू दे."

आणि त्यानं तोंड वर केलं.

"देवा, पोरगी झाली रं!"