मला कळेल असं सांग

तपासणीचं पत्र आल्यापासून आई बिथरली होती आणि का, ते थोरलीला कळत नव्हतं.

पत्रात काही वाघ नव्हता. घरीच शिकणाऱ्या मुलांची प्रगती पाहायला शिक्षण खात्याच्या बाई सोमवारी सकाळी येतील, इतकंच. थोरलीनेच ते जेवताना सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं. मुलं मागे पडलेली दिसली तर त्यांना वसतिगृहाच्या शाळांत घालावं लागेल, असंही खाली होतं. पण मागे पडलंय कोण? सोळा वर्षांच्या थोरलीपासून सहा वर्षांच्या शेंडेफळापर्यंत सातही जणं तयारीची होती.

वडील पूल बांधणाऱ्या कंपनीत मुकादम. पूल पुरा झाला की बिऱ्हाड हललं. किती शाळा बदलणार, म्हणून शाळा घरातच भरायची, आणि या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी ठाऊक नव्हती. बाहेर रस्त्यावर पोरं धुडगूस घालायची, आत पंख्याखाली गार फरशीवर सात वह्या उघडलेल्या असायच्या. अक्षरं थोरलीला वडिलांनी शिकवली. मग प्रत्येकाने आपल्या पाठच्याला शिकवायची, त्याच्या वह्याही तपासायच्या. बाकी सगळी शाळा आईची.

आईची तऱ्हा न्यारी होती. ती भाजी चिरत बसायची आणि म्हणायची, "मी अडाणी आहे असं समज. आज काय वाचलंस ते मला कळेल असं सांग." मग सुरू व्हायचं. का? कशावरून? तू पाहिलंस का? घोकंपट्टी करून आलेला दुसऱ्याच प्रश्नाला गारद. पुस्तकात डोकं घालून पुन्हा यावं लागायचं.

अशी आई आता मिठाच्या जागी साखर घालत होती. शनिवारी तर म्हणाली, "सगळे मिळून चार दिवस मामाकडे जाऊ या का?"

"आत्ता? परवा बाई येणार आहेत!"

"हो, खरंच की." थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्या मलाही काही विचारतील?"

"तुला कशाला? परीक्षा आमची आहे."

सात पोरांना एकटीने वठणीवर ठेवणारी बाई एका पाहुणीला इतकी का घाबरते? आपल्यातलंच कोणीतरी कच्चं आहे आणि ते फक्त आईला दिसलंय, असं थोरलीला वाटायला लागलं. तिने रविवारभर सगळ्यांचे पाढे घेतले. सगळे घडाघडा म्हणत होते. ती आणखीच गोंधळली.

सोमवारी बाई आल्या. चेहरा कडक, घामाने डबडबलेला. दोन तास त्यांनी मुलांना उभं-आडवं तपासलं. मग वह्या मिटून त्या आईकडे वळल्या.

"आता तुम्ही शिकवून दाखवा." त्यांनी भूगोलाचं पुस्तक आईच्या हातात दिलं. "कुठलाही धडा."

आईने पुस्तक घेतलं, क्षणभर नुसतंच धरलं आणि अकरा वर्षांच्या शंकासुराच्या हातात ठेवलं. हे नाव त्याला घरानेच दिलेलं.

"तूच काढ धडा. आणि मला कळेल असं सांग."

शंकासुराने पानंही उलटली नाहीत. "उन्हाळ्यात सूर्य पृथ्वीच्या जवळ येतो, म्हणून उकडतं," तो म्हणाला.

साफ चूक! बाईंची लेखणी वर आली. आई मात्र शांत होती.

"असं होय. मग आत्ता सगळ्या जगात उकडत असेल?"

"नाही. पृथ्वीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात आत्ता थंडी असते."

"मग सूर्य जवळ आला तरी कुणाच्या?"

शंकासुर धावत जाऊन चेंडू घेऊन आला, तो खिडकीतल्या उन्हात तिरपा धरून फिरवत राहिला आणि एकदम ओरडला, "जवळ नाही! कलते! पृथ्वी कलती आहे!"

"आता कळलं मला," आई म्हणाली.

बाईंची लेखणी खाली आली. पंचवीस वर्षांच्या नोकरीत असा धडा पाहिला नाही, असं त्या म्हणाल्या. आईने कागदावर झोकात सही केली. आपल्या पद्धतीबद्दल दोन ओळी लिहा म्हटल्यावर तिने कागद थोरलीकडे सरकवला. थोरलीने लिहिलं, 'आमची आई आपल्याला काहीच येत नसल्याचं सोंग घेते.' बाई ते वाचून खळखळून हसल्या.

संकट टळलं. आई पुन्हा पहिल्यासारखी होईल, असं थोरलीला वाटलं.

पंधरा दिवसांनी खात्याचं दुसरं पत्र आलं. थोरलीने तेही मोठ्याने वाचलं. शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गात आईने आपली पद्धत शिकवायला यावं. सोबतची पुस्तिका वाचून आपलं मत लिहून कळवावं. पोरांनी घर डोक्यावर घेतलं. शेंडेफळ तर खुर्चीवर चढून टाळ्या पिटत होतं.

आईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिने थोरलीचा हात धरला, तिला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

"अगं, आता कसली भीती?" थोरली म्हणाली. "तुला सगळं येतं."

आई पलंगाच्या कडेवर टेकली. पुस्तिका मांडीवर ठेवून तिने पहिल्या पानावर बोट टेकवलं.

"यातला अ कुठला?" तिने हळूच विचारलं.